राजीनाम्यावर सही करण्याआधी

विजेच्या गाड्या (ईव्ही), सोलर, प्रदूषणाचे नियम यांमुळे नोकरी जाईल का, अशी विचारणा भोसरी-चाकणहून सतत होते आहे. त्यातल्या चार प्रश्नांची ही उत्तरं.

एका क्लासमध्ये 40 हजारांत 'ग्रीन जॉब'ची हमी देतात. जाऊ का?

नको. नोकरीची हमी क्लासवाला देऊच शकत नाही. आधी जवळच्या आयटीआयमध्ये चौकशी करा.

सायलेन्सरचे भाग बनवणाऱ्या कंपनीत 11 वर्षं कायम कामगार आहे. लाइन बंद होणार आहे. एचआर म्हणतं, राजीनामा द्या, ईव्हीच्या नव्या प्लांटमध्ये तुम्हाला आधी घेऊ.

सही करू नका. हेच आमिष प्रत्येक पत्रात दिसतं आणि दर वेळी संताप येतो. काम संपलं म्हणून कंपनीने काढलं तर ती कामगार कपात. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार कपातीआधी किमान महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. भरपाई पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे किमान 15 दिवसांचा सरासरी पगार, म्हणजे तुमचे साडेपाच महिने. शिवाय नवं काम शिकण्यासाठी आणखी 15 दिवसांच्या पगाराएवढी रक्कम पुनर्कौशल्य निधीतून तुमच्या खात्यात. वर्षभरात त्याच मालकाने भरती काढली तर कपात झालेल्यांना प्राधान्य, हेही कायद्यातच आहे. स्वखुशीने राजीनामा दिलात की यातलं काही मागता येत नाही. हाती राहतात ग्रॅच्युइटी आणि पीएफ.

आणखी एक बघा : नवा प्लांट कोणत्या कंपनीच्या नावावर आहे? नाव वेगळं असेल तर 'आधी घेऊ'ला काडीचा आधार नाही. एचआरकडे ते लेखी मागा. धूर कमी व्हायलाच हवा, पुण्याची हवा आपणच श्वासात घेतो. पण त्याचा खर्च कामगाराच्या खिशातून का? हवामानबदलावरच्या पॅरिस करारानेही 2015 मध्ये कामगारांसाठी न्याय्य संक्रमण, म्हणजे या बदलात त्यांना वाऱ्यावर न सोडणं, आणि प्रतिष्ठेच्या कामाची गरज नोंदवली आहे. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा आणि एचआरचे मेसेज घेऊन युनियनकडे किंवा कामगार वकिलाकडे याच आठवड्यात जा. सही झाल्यावर आलात तर फार थोडं करता येतं.

प्रदूषणामुळे कारखाना दुसरीकडे हलवला, तर नोकरी आपोआप जाते, असं सगळे म्हणतात.

सगळे चूक म्हणतात. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतले 168 धोकादायक कारखाने हलवायला सांगितले, तेव्हा स्थलांतरित होणाऱ्या कामगारांची सेवा अखंड धरून वर आणखी वर्षाचा पगार द्यायला लावला. तो आदेश त्या प्रकरणापुरता होता. तुमचे कागद वकिलाला दाखवा.

छतावर सोलर पॅनल बसवतो, रोजंदारीवर. ठेकेदार सेफ्टी बेल्ट देत नाही.

बेल्टशिवाय चढू नका. राज्याच्या बांधकाम कामगार मंडळाच्या कामांच्या यादीत सौर उपकरणं बसवणंही येतं. वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला घेऊन नोंदणी करा. ठेकेदार दाखला देत नसेल तर थेट कामगार कार्यालयात जा.