बाग-सल्ला : हिरवळीखालची उन्नी

प्रश्न : आमच्या घरापुढे साधारण पाचशे चौरस फुटांचे लॉन असून कानबाईच्या सणापर्यंत ते उत्तम होते. भाद्रपदात मात्र त्यावर पिवळे चट्टे पडले. पाणी वाढवले, युरिया टाकला, तरी चट्टे पसरतच आहेत आणि साळुंक्या सकाळपासून तेथेच टोचत बसतात. फाटकाजवळ जुना कडुनिंब आहे. मे महिन्यात शेतातून आणलेले शेणखत लॉनवर पसरले होते. हा रोग आहे की कीड?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : आपल्या पत्रातच बरेचसे निदान आले आहे. कडुनिंब, मे महिन्यातले शेणखत आणि टोचणाऱ्या साळुंक्या या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की पहिला संशय हुमणीवर, म्हणजे आपल्याकडे शेतकरी जिला उन्नी म्हणतात त्या भुंगेऱ्याच्या, मुळे खाणाऱ्या अळीवर घ्यावा. तरीही खात्री केल्याशिवाय औषध आणू नये.

चट्ट्याच्या कडेचे, अर्धे हिरवे आणि अर्धे पिवळे असलेले गवत मुठीत धरून वर ओढावे. पाणी कमी पडले असेल किंवा बुरशी असेल तर मुळे मातीला धरून राहतात. वाळवी असेल तर वाळक्या काड्यांवर मातीचे लिंपण दिसते. उन्नी असेल तर मुळेच कुरतडलेली असल्यामुळे गवत सतरंजीसारखे अलगद उचलले जाते. त्यानंतर एक फूट लांब व एक फूट रुंद असा चौकोन तीन बाजूंनी कुदळीने कापून गोधडीची घडी उलटावी तसा उलटावा आणि खालची चार बोटे माती हाताने चाळावी. पांढुरकी, तपकिरी डोक्याची, पुढे सहा पाय असलेली आणि हात लागताच अर्धचंद्रासारखी मुडपणारी अळी सापडली, की प्रश्न मिटला. तिच्या शरीराचा मागचा भाग काळसर दिसतो, तो पोटातल्या मातीमुळे. अशी एखाददुसरी अळी निघाली तर काही करू नये, कारण निरोगी गवत तेवढे नुकसान भरून काढते. पाच-सहा किंवा अधिक निघाल्या तर उपाय करावा.

या किडीला वर्षात एकच पिढी असते, आणि उपायांची वेळ त्यावरूनच ठरते. वळवाचा किंवा मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की दिवेलागणीला तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघतात, कडुनिंब, बाभूळ, बोर यांचा पाला खातात, तेथेच त्यांचे मीलन होते आणि पहाटेपूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात. एक मादी साधारण ५० ते ६० अंडी घालते. खानदेशच्या उन्हाळ्यात आसपासची जमीन तापून भेगाळलेली असताना पाणी दिलेले आपले लॉन तिला फारच सोयीचे वाटले असणार. लहान अळ्या प्रथम कुजके पदार्थ खातात, म्हणून अर्धवट कुजलेले शेणखत म्हणजे त्यांना आयते ताट. शिवाय शेतातल्या उकिरड्यावरून अंडी-अळ्याही त्यातून येतात. मोठ्या झाल्यावर त्या मुळांकडे वळतात. आपल्याला चट्टे भाद्रपदात दिसले, पण कीड ज्येष्ठापासून खाली होती.

आता काय करावे? चट्ट्यांखालची माती उकरून अळ्या वेचाव्यात आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकाव्यात. पाचशे चौरस फुटांसाठी हे काम एका सकाळचे आहे, आणि माझ्या मते कोणत्याही डब्यापेक्षा अधिक खात्रीचे. उकरलेल्या जागी साळुंक्या, बगळे आले तर त्यांना हाकलू नये. त्यानंतर मेटारायझियम ही मित्रबुरशी वेष्टनावरील प्रमाणात पाण्यात कालवून, आधी भिजवलेल्या लॉनवर सायंकाळी झारीने ओतावी आणि पुढचे काही दिवस ओल टिकवावी. तिचा परिणाम सावकाश होतो. बाधित अळी कडक होते व तिच्यावर हिरवट भुकटी येते. ही बुरशी घातल्यावर बुरशीनाशक वापरू नये. युरिया तूर्त थांबवावा, कारण मुळेच नसलेल्या गवताला तो घेता येत नाही.

कोणी जुन्या साठ्यातले फोरेट हे विषारी कीटकनाशक देऊ केले तर घेऊ नये. त्याच्यावर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, आणि मुले अनवाणी खेळतात त्या जागी तर ते कधीच योग्य नव्हते.

खरी लढाई पुढच्या पहिल्या पावसानंतरच्या आठ-दहा संध्याकाळींची आहे. साडेसात-आठच्या सुमारास कडुनिंबाखाली ताडपत्री अंथरून आकडीच्या काठीने फांद्या हलवाव्यात. टपटप पडणारे भुंगेरे गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकावेत. शेजारच्या अंगणांतली झाडेही त्याच संध्याकाळी हलवली गेली तर अधिक चांगले, कारण भुंगेऱ्याला कुंपण कळत नाही. शेणखत यापुढे पूर्ण कुजलेले, चाळलेलेच घालावे.

प्रश्न : पालापाचोळ्याच्या खताच्या टाकीत तशाच जाड पांढऱ्या अळ्या निघाल्या. मारून टाकू का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : एक अळी सपाट फरशीवर सोडून पाहावी. ती पाठीवर उताणी होऊन सरकू लागली तर ती फुलभुंग्याची अळी होय; ती कुजके खाते, जिवंत मुळांना त्रास देत नाही, तेव्हा तिला पुन्हा टाकीत सोडावे. कुशीवर वळवळत राहिली तर मात्र ते खत चाळून, अळ्या वेचूनच वापरावे.