तुमचे प्रश्न, आमची उत्तरं: माळावर काजू लावू का निलगिरी?

प्रश्न: दादा, गारगोटीच्या वरच्या अंगाला माझी ३० गुंठे उताराची जमीन आहे, तांबडी माती, खाली जांभा लागतो. वडील होते तोवर नाचणी करायचे, आता मी कोल्हापुरात एमआयडीसीत, रविवारीच जाणं होतं. भावकीतला एक म्हणतोय निलगिरी लाव, बघायलाच नको. दुसरा म्हणतोय हापूस. बायको म्हणती फणस लावूया. काय करू?
– एक वाचक, भुदरगड

उत्तर: वहिनींचं ऐका, पण निम्मंच.

आधी हापूसचा नाद सोडा. तुमच्याकडं धुकं आणि दव पडतं, मोहर आला की भुरी रोग आणि तुडतुडे किडे हजर, मग फवारणीवर फवारणी, आणि तुम्ही येणार रविवारी. निलगिरी खरंच बघायला लागत नाही, पण तिच्या खाली दुसरं काय धड येत नाही आणि पैसा हातात यायचा तो तोडणीलाच, मधली वर्षं कोरडी.

मुख्य पीक काजूच धरा. वेंगुर्ला-४ नाहीतर वेंगुर्ला-७ या जातीची कलमं घ्या, रोपं नकोत. ७ बाय ७ मीटरवर ३० गुंठ्यात ६० च्या आसपास बसतात, पण कडेनं जाळपट्टा (वणवा अडवायला गवत काढून मोकळी ठेवलेली पट्टी) सोडायचा असल्यानं ५० च धरा. तिसऱ्या वर्षापासनं बी दिसायला लागतं. पहिल्या दोन वर्षांत मोहर आला तर खुडून टाका, जीवावर येतं पण टाका. आणि कलमाच्या जोडाखालनं फुटवे आले की लगेच काढायचे, लोक झाड कसं भरलंय म्हणून खूश होतात आणि वरचं कलम मरून खालचं रायवळच, म्हणजे बियांवरचं साधं झाडच राहतं.

फणस चारपाचच, तेही खालच्या बांधाला, जिथं माती खोल आहे तिथं, दोन झाडांत १० मीटर अंतर ठेवून. ओघळीच्या सावलीला कोकम चालतं, पण तेही कलमच घ्या, कारण बियांच्या रोपात निम्मीशिम्मी नर निघतात आणि ते कळायला सातआठ वर्षं जातात. (आजरा-चंदगडच्या वाचकांनी फणसाचा विचार जपून करा, हत्तीला वास लांबनं येतो.)

आता खरी गोष्ट. झाडं मरतात ती पहिल्या दोन उन्हाळ्यांत, कारण रानात माणूसच नसतो. माझ्या मेव्हण्याची ४० कलमं मार्चात एका दुपारी गेली, शेजारच्या माळाला कुणी गवत पेटवलं आणि वणवा इकडं आला, जाळपट्टा काढायचा म्हणून दिवाळीपासनं चालढकल चाललेली. म्हणून माझं म्हणणं, मधल्या पट्ट्यात तीन-चार वर्षं नाचणी चालू ठेवा, भावकीतल्या कुणाला तरी वाट्यानं द्या. नाचणी किती पिकती ते सोडा, पावसाळाभर ते माणूस रानात असतं, गवे आले तर हाकलतं. सुगी झाल्यावरही त्यालाच पाणी घालायला ठेवा, चार पैसे जातील. प्रत्येक कलमाजवळ एक मडकं पुरून आठवड्यातनं दोनदा भरलं तरी भागतं, बुडात पालापाचोळा टाका, वरच्या अंगाला अर्धचंद्र चर काढा म्हणजे पावसाचं पाणी तिथंच मुरंल आणि तांबडी माती ओढ्यात जायची थांबंल.

अनुदानाला भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आहे, २०१८ पासनं, पैसे तीन वर्षांत हप्त्यानं आणि जगलेल्या झाडांवर. कृषी सहाय्यकाला मे महिन्याआधी गाठा, पाऊस सुरू झाल्यावर कोण सापडत नाही.

प्रश्न: आमचं शिरोळला काळं रान, ऊस. बांधाला फणस लावला तर चालंल का?
– एक वाचक भगिनी

उत्तर: ताई, नको. २०१९ आणि २०२१ ला तुमच्याकडं पाणी किती दिवस थांबलं ते तुम्हीच बघितलंय, फणसाच्या मुळाला तुंबलेलं पाणी सोसत नाही. जांभूळ लावा, ते पाण्यात बऱ्यापैकी तग धरतं. रान थोडं क्षारपड असंल पण पूर येत नसंल तर चिकूही बघा. फक्त शेजाऱ्याच्या बांधाला नको, मोठं झालं की सावली त्याच्या उसावर पडणार आणि मग भांडण आमच्याकडं घेऊन याल, त्याला उत्तर आमच्याजवळ नाही!