शोरीलला भुलू नकोस

अरे, वारीवर पहिलाच माहितीपट करतोयस आणि कॅमेरामनला विचारतोयस काय, तर "कॅमेरा कुठला आहे?" कॅमेरा भाड्यानंही आणता येतो. आधी माणूस बघ.

कॅमेरामन नमुना म्हणून दाखवतो ते शोरील म्हणजे त्याच्या निवडक शॉट्सना संगीत लावलेलं. त्याऐवजी एखाद्या जुन्या कामाचं न कापलेलं १० मिनिटांचं फुटेज दाखवायला सांग. फोकस सुटला तर किती वेळात सापडतो, समोरचा बोलत असताना कॅमेरा उगाच भिरभिरतो का, हे तिथेच कळतं. आणि लग्नं शूट करणाऱ्याला कमी लेखू नकोस. गर्दीत, रीटेक नसताना, उलटं चालत शूट करायची सवय त्याला असते. दिवे घाटात पालखी काही तुझ्यासाठी मागे फिरणार नाही.

भेटलास की एवढं विचार: मुक्कामाच्या ठिकाणी ट्यूबलाइटखाली शटर स्पीड (एक फ्रेम टिपताना शटर किती वेळ उघडं राहतं ते) किती ठेवशील? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे १/५० किंवा १/१०० सेकंद असं उत्तर यायला हवं. नाहीतर चित्र लुकलुकतं.

पैशांचं मात्र लिहूनच घे, व्हॉट्सॲपवर का होईना. एक दिवस म्हणजे किती तास? असिस्टंट, लेन्स, प्रवास, जेवण त्यातच की वेगळं? रॉ फुटेज, म्हणजे न कापलेलं मूळ चित्रीकरण, कोणाचं? माझ्या एका कामात हे शेवटचं बोलायचं राहिलं आणि फुटेज महिनाभर अडकून पडलं. हार्ड डिस्क तूच ने, दोन. दोन्हींवर कॉपी होऊन उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू देऊ नकोस, कितीही झोप आली तरी.