उजनीचं पाणी उसाला की गळाला?

पाणीप्रश्न : वाचकांच्या शंकांना पाटबंधारे खात्यातल्या निवृत्त अभियंत्याची उत्तरं

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो. सुट्टीला भिगवणच्या आसपास उजनीच्या फुगवट्यावर गळ टाकायला जातो. परवाना काढतो, लहान मासा परत सोडतो. पण जानेवारी उजाडला की पाणी असं ओसरतं की या रविवारी जिथे बसलो, तिथे पुढच्या रविवारी नुसता चिखल. मे महिन्यात डबक्यांत मासे मरून तरंगतात. मासे जगतील एवढी पातळी धरणात राखून ठेवायचा नियम का नाही? परदेशात यावर तोडगे निघालेत म्हणे. आम्ही गळवाल्यांनी नेमकी काय मागणी करावी?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमची कळकळ रास्त आहे, पण राखीव पातळीची मागणी करू नका. ती मान्य होणार नाही आणि दुष्काळाच्या वर्षी ती मान्य होऊही नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मागायचंच असेल तर पाणी सोडण्याचं वेळापत्रक मागा. का, ते सांगतो.

उजनी हे पसरट धरण. पूर्ण भरलं की पातळी ४९६.८३ मीटर, आणि पेपरात ज्याला शून्य टक्के म्हणतात ती पातळी ४९१.०३ मीटर. ज्या ५३.५७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) उपयुक्त साठ्यावरून दरवर्षी जिल्ह्याजिल्ह्यांत वाद पेटतात, तो सगळा साठा या जेमतेम पावणेसहा मीटरच्या थरात मावतो. भागाकार करून पाहा, एक मीटर म्हणजे सरासरी सव्वानऊ टीएमसी. त्याच्या खाली ६३.६६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे शून्य टक्क्याच्या खालचं तळाचं पाणी आहे, उपयुक्त साठ्यापेक्षाही जास्त. २०२४ च्या जूनमध्ये उजनी वजा साठ टक्क्यांच्या आसपास गेली होती, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातलंही पाणी गेलं होतं. पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडलं, लोक बघायला गेले. तेव्हाही धरणात तीस टीएमसीच्या वर पाणी होतं. जुन्या भीमेच्या पात्रात, खोल पाण्यात मासा जगून होता.

म्हणजे मासा मरतो तो धरण रिकामं झालं म्हणून नव्हे. तो मरतो काठाला, आणि पाणी ज्या वेगानं हटतं त्या वेगामुळे.

हा वेग आकड्यांत बघा. सहा हजार क्युसेकनं, म्हणजे सेकंदाला सहा हजार घनफूट पाणी सोडलं तर दिवसाला अर्धा टीएमसी जातो. पातळी पाच-साडेपाच सेंटीमीटर उतरते. ऐकायला काहीच नाही. पण फुगवट्याचा काठ शंभरात एक अशा उताराचा असेल, तर पाणी रोज पाच मीटर मागे सरतं. आता सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प घ्या. हा मासा चिकट अंडी घालतो, काठच्या उथळ पाण्यातल्या पाणवनस्पतींना ती लावतो, आणि त्याचा एक हंगाम नेमका जानेवारी ते मार्च असतो. कोमट पाण्यात अंडी फुटायला दोन-तीन दिवस लागतात, गार पाण्यात जास्त, आणि नंतरही काही दिवस पिल्लं त्या गवताला धरूनच राहतात. घोटाभर पाण्यातली अंडी तिसऱ्या दिवशी उन्हात येतात. चिलापीचं तसं होत नाही, कारण मादी अंडी तोंडात धरून पाण्याबरोबर मागे सरकते. उजनीत चिलापी एवढी माजली, त्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं. रोहू, कटला, मृगळ यांना अंडी घालायला पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं, ते साठलेल्या पाण्यात सहसा होत नाही. त्यांचं बीज सोडावंच लागतं, आणि ती बोटभर पिल्लं चरतात ती याच उथळ काठाला.

दुसरा घात होतो तुटलेल्या डबक्यांत. पाणी हटलं की बॅकवॉटरचे शेतकरी मोटारीपर्यंत पाणी आणायला जेसीबीनं चर खणतात. मासा त्या चरात शिरतो. मागचं पाणी तुटलं की अडकतो. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून रांजणगाव सांडसला भीमेत येतं आणि पुढे उजनीत. त्या खताच्या पाण्यावर शेवाळ दिवसा फोफावतं आणि रात्री तेच शेवाळ पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं. एप्रिलमध्ये पहाटे पाचला असा चर बघा. पाणी हिरवंगार, वर दाट साय, आणि वीतभर चिलापी पृष्ठभागाला ओठ लावून ओळीनं उभी. हात पुढे केला तरी हलत नाही. सूर्य वर आला की थोडी सावरते. असे चार-सहा दिवस गेले की तुम्ही म्हणता तसे मासे तरंगायला लागतात.

आता नियमाचं. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पाणीवापराचा क्रम घालून दिला होता : पिण्याचं पाणी, मग उद्योग, मग शेती आणि वीज, आणि चौथ्या क्रमांकावर पर्यावरण व मनोरंजन. २०११ मध्ये शेती उद्योगाच्या वर आली, आणि ते योग्यच झालं. तुमचा गळ या चौथ्या ओळीत बसतो. मासा पाणी पीत नाही, संपवत नाही, हे खरं. पण त्याच्यासाठी मार्चमध्ये अडवलेलं पाणी कालव्याच्या शेपटाकडच्या माणसाला मिळत नाही, हेही तेवढंच खरं. मोहोळच्या टोकाला चारी कोरडी असताना पुण्याहून येणाऱ्या हौशी माणसानं पातळी राखा म्हणणं मला पटत नाही.

तुम्ही परदेशाचा विषय काढलात, तर अमेरिकेतल्या आयडाहो राज्याचं उदाहरण देतो. तिथे हेन्रीज फोर्क नदीवर आयलंड पार्क नावाचं धरण आहे, १९३८ चं. साठा १ लाख ३५ हजार एकर-फूट, आपल्या हिशेबात सहा टीएमसीला थोडा कमी. पाणी बटाटा आणि बार्लीच्या शेतकऱ्यांचं, आणि धरणाखालची नदी ट्राउट माशाच्या गळासाठी जगभर प्रसिद्ध. हंगाम संपला की पुढच्या वर्षासाठी धरण भरायला दरवाजे आवळायचे. नदी बारीक व्हायची, पहिल्या हिवाळ्यातली ट्राउटची पिल्लं काठच्या दगडगोट्यांत लपतात आणि पाणी तिथवर पोचेनासं व्हायचं. तिथल्या गळवाल्यांनी १९८४ मध्ये संस्था काढली आणि पुढे अभ्यासक नेमले. मोजमापातून कळलं की हिवाळ्यात नदीला किती आणि कधी पाणी मिळतं, त्यावर पुढची पिढी ठरते. हिवाळ्याच्या उत्तरार्धात सोडलेलं पाणी पूर्वार्धातल्या पाण्यापेक्षा जास्त पिल्लं वाचवतं. मग मागणी तेवढीच केली : एकूण साठा तुमचाच, सोडण्याचे आठवडे थोडे हलवा. २००३ मध्ये केंद्रीय कायद्यानं तिथल्या सिंचन संस्थेला दुष्काळ आराखडा करण्याची अट घातली, आणि शेतकरी व गळवाले एका टेबलाशी बसले. त्यांचा प्रश्न धरणाखालच्या नदीचा, आपला धरणाच्या फुगवट्याचा. पण घेण्यासारखं आहे ते त्यांची मागणी मांडण्याची रीत.

उजनीसाठी मी हे मागेन. फेब्रुवारी-मार्चमध्ये नदीचं आणि कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, एकाच आठवड्यात सुरू करू नका. दोन्ही एकदम सुटली की काठ दुप्पट वेगानं हटतो. पाणी तेवढंच द्या, पुढेमागे द्या. दोन आवर्तनांमध्ये आठ-दहा दिवस पातळी जवळपास स्थिर राहिली तरी सायप्रिनसची एक वीण निघते. सोलापूरच्या पिण्यासाठी नदीतून पाच-सहा टीएमसी सोडलं की त्यातलं नळाला पोचतं थोडंच, बाकी पात्रात जिरतं आणि उन्हात उडतं. म्हणून शहराच्या जलवाहिनीचा प्रश्न गळवाल्यांनीही आपलाच मानावा. तिथे वाचलेला प्रत्येक टीएमसी उन्हाळ्यात काठाला उपयोगी पडतो.

आणि एकटे जाऊ नका. फुगवट्यावर ज्यांची चूल मासळीवर पेटते, त्या भोई समाजाचा आणि धरणात जमिनी गेलेल्या मच्छीमारांचा हक्क तुमच्या हौशीच्या आधी येतो. त्यांच्या सहकारी संस्थांना भेटा, त्यांचं म्हणणं पुढे आणि तुम्ही मागे, असं निवेदन करा. रब्बी आणि उन्हाळी पाण्याचं गणित १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर मांडलं जातं आणि आवर्तनं कालवा सल्लागार समितीत ठरतात. निवेदन सप्टेंबरअखेर अधीक्षक अभियंत्यांच्या टेबलावर पाहिजे. मेमध्ये मेलेल्या माशांचे फोटो घेऊन गेलात तर सहानुभूती मिळेल, पाणी मिळणार नाही.

प्रश्न : करमाळ्याच्या बाजूला बॅकवॉटरवर माझा चार एकर ऊस आहे. फेब्रुवारीपासून मोटार आणि पाइप पुढे पुढे न्यावा लागतो, चर खणायचा खर्च वेगळा. आता गळवाले म्हणतात पाणी ठेवा, आम्ही मासे मारतो. आम्ही ऊस वाळवून मासे पोसायचे का?
— एक शेतकरी, करमाळा तालुका

उत्तर : नाही दादा. तुमच्या गावांनी या धरणाला जमिनी दिल्यात. मंजूर उपशाचं पाणी तुमचं आहे आणि त्यावर कुणी बोट ठेवू नये. उसाला पाटानं पाणी देणं थांबवून ठिबक करा, हे तुम्हाला दहा जणांनी सांगितलं असेल. मीही सांगतो, कारण मेमध्ये तुमचीच मोटार कमी वेळा पुढे न्यावी लागेल.

चराचं तेवढं बघा. चर तुटणार असं दिसलं की आदल्या दिवशी गावातल्या मच्छीमारांना सांगा. मोठा मासा ते विकतील, लहान खोल पाण्यात सोडतील. मेलेल्या मासळीचं कुजकं पाणी तुमच्याच ठिबकच्या फिल्टरला येतं. आणि पाइपाच्या पाण्यातल्या टोकाला असलेल्या फुटव्हॉल्व्हभोवती बारीक जाळीची मोठी टोपली बांधा, म्हणजे पिल्लं ओढली जात नाहीत. टोपली व्हॉल्व्हला घट्ट बसवू नका, चारी बाजूंनी हातभर जागा ठेवा. एक-दोन दिवसांआड ती झाडावी लागेल, नाहीतर शेवाळानं चोंदते आणि मोटार हवा धरते.