वाचक विचारतात: तीन अक्षरी शब्दांचे उच्चार

या वेळच्या पत्रांत बरेच प्रश्न तीन अक्षरी शब्दांचेच होते, म्हणून ते एकत्र घेतले आहेत. उच्चार दाखवताना शब्दाचे तुकडे आडव्या रेघेने तोडले आहेत. पाय मोडलेल्या अक्षरात ‘अ’ नाही असं समजावं.

प्रश्न : ‘कमळ’ आणि ‘कविता’ दोन्ही तीन अक्षरी. मग ‘कमळ’ बोलताना दोनच तुकडे का ऐकू येतात?

लिहिलेली अक्षरं आणि बोललेले तुकडे यांचा हिशेब मराठीत जुळतोच असं नाही. हनुवटीखाली पालथा हात धरून शब्द सावकाश म्हणा. प्रत्येक स्वराला हनुवटी खाली येते. ‘कविता’ला तीनदा येईल, ‘कमळ’ला दोनदाच.

कारण शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण उच्चारत नाही. कमळ म्हणजे क-मळ्, गवत म्हणजे ग-वत्, कागद म्हणजे का-गद्. शेवटी जोडाक्षर असेल तर मात्र ‘अ’ थोडा तरी ऐकू येतो, जसा ‘शब्द’ किंवा ‘मित्र’मध्ये. ‘न’, ‘व’ असे एकाक्षरी शब्द तर ‘अ’शिवाय म्हणताच येणार नाहीत.

खरी गंमत मधल्या अक्षराची आहे. त्याचं काय होणार ते तिसरं अक्षर ठरवतं. तिसऱ्या अक्षराचा स्वर गळाला, तर मधला ‘अ’ टिकतो. तिसऱ्याचा स्वर ऐकू येत असेल, तर मधला ‘अ’ जातो. म्हणून क-मळ्, पण अनेकवचनात कम्-ळं. न-गर्, पण नग्-री. बदल म्हणजे ब-दल्, बदला म्हणजे बद्-ला. मुलगा, चिमणी, तुकडा, सगळं, करतो, बसला हे सगळे शब्द याच रांगेतले. ‘सरळ’ आणि ‘सगळं’ लागोपाठ म्हणून पाहा: स-रळ्, सग्-ळं. डोक्यावरच्या एका टिंबाने शब्दाची घडण बदलते.

मधल्या अक्षराला ‘अ’खेरीज दुसरा कोणताही स्वर असेल तर तो हलत नाही: क-वि-ता, पु-ढा-री.

हा नियम तीन अक्षरांपुरताच भरवशाचा आहे. चार अक्षरांत पहिली दोन अक्षरं मिळून बहुधा एक तुकडा होतो (गड्-बड्, कर्-वत्) आणि पुढे प्रत्यय लागला तरी तो तुकडा मोडत नाही: गड्-ब-डी, कर्-व-ती.

प्रश्न : ‘तबला’ आणि ‘अबला’ यांचा उच्चार सारखाच करायचा का?

तबला म्हणजे तब्-ला, यात वाद नाही. ‘अबला’त ‘अ’ हा उपसर्ग आहे, त्यामुळे जपून बोलणारे अ-ब-ला म्हणतात. पण उपसर्गाचा मान दर वेळी राखला जातो असं नाही. ‘विमला’तही ‘वि’ उपसर्गच आहे, तरी सर्रास विम्-ला असंच ऐकू येतं, आणि आता त्याला चूक म्हणण्यात अर्थ नाही.

प्रश्न : मुलं ‘मुल्गा’, ‘चिम्णी’, ‘कर्तो’ असं लिहितात. समजावून कसं सांगायचं?

आधी एवढं मान्य करा की मुलाचा कान बरोबर आहे. ते ऐकलं तसंच लिहितंय. नुसतं ‘नीट उच्चार कर’ असं सांगितलं तर ते मु-ल-गा असा खोटा उच्चार शिकेल, आणि मग वाचनही अडखळेल.

दोन कसोट्या शिकवाव्या. पहिली : शेवटचा प्रत्यय सोडवून पाहायचा. कर + तो, बस + ला, भर + ती. मागे धड शब्द उरला, तर अक्षरं सुटी लिहायची. दुसरी : तिसऱ्या अक्षराचा स्वर काढून टाकायचा, म्हणजे लपलेला ‘अ’ परत येतो. ‘गरजा’ आणि ‘दर्जा’ ही जोडी यासाठी उत्तम. दोन्हींचं यमक चोख जुळतं, कानाला फरक कळणं शक्यच नाही. पण ‘गरजा’चं एकवचन ‘गरज’, तिथे ‘र’मधला ‘अ’ स्पष्ट ऐकू येतो, म्हणून ‘र’ पूर्ण. ‘दर्जा’चं ‘दरज’ असं कुठलंही रूप नाही, म्हणून रफार.

‘मुलगा’, ‘चिमणी’ या कसोट्यांत सहज बसत नाहीत. तिथे एक ठोकताळा उपयोगी पडतो. देशी शब्दांत जोडाक्षर बहुधा एकाच वर्णाच्या द्वित्ताचं असतं (पत्ता, कच्चा), नाहीतर ‘म्ह’, ‘ल्ह’ असं हकाराचं. वेगवेगळ्या व्यंजनांची जोडाक्षरं जास्त करून संस्कृतातून किंवा फारसी-अरबीतून आलेल्या शब्दांत सापडतात: मूर्ती, अर्धा, गर्दी. मात्र मुळाचा आधार फार ताणू नये. ‘दर्जा’च्या अरबी मुळात मधला स्वर आहे, मराठीने तो लिहिण्यातूनही काढून टाकला. अशा शब्दाला शब्दकोश पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

प्रश्न : ‘उत्तरं’मधला ‘त’ पूर्ण म्हणतो, मग ‘पिंजरा’तला ‘ज’ अर्धा का?

उत्तर म्हणजे उत्-तर्. अनेकवचनात मधला ‘अ’ काढायला गेलं तर त्, त्, र् अशी तीन व्यंजनं एकावर एक येतात आणि जीभ अडते. म्हणून उत्-त-रं. पहिल्या अक्षरानंतर जोडाक्षर असेल तर मधला ‘अ’ टिकतो, असं धरून चालावं.

अनुस्वाराचं तसं नाही. नाकातला आवाज पुढच्या व्यंजनाला सहज चिकटतो, त्यामुळे पिंज्-रा, कंग्-वा, बंग्-ला असे उच्चार रुळले आहेत. सं-क-टं, अं-त-रा यांत मात्र ‘अ’ टिकलेला ऐकू येतो. इथे पक्का नियम सांगता येत नाही. रोजच्या वापरातला शब्द लवकर आखडतो एवढंच म्हणता येईल.

प्रश्न : ‘चमचा’ आणि ‘चमचे’ यांतला दुसरा ‘च’ वेगळा वाटतो. भास आहे का?

भास नाही. ‘चमचा’तले दोन्ही ‘च’ दंततालव्य आहेत: जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे लागतं. ‘चमचे’तला दुसरा ‘च’ तालव्य होतो, जीभ मागे सरकून टाळूला भिडते. इ, ई, ए आणि य यांच्या आधी च, ज, झ तालव्यच होतात. म्हणून ‘दर्जा’ आणि ‘दर्जे’ यांतला ‘ज’ही वेगळा. इतर स्वरांआधी शब्दाचं कूळ पाहावं लागतं: चाकर, चादर, जमीन, गरज दंततालव्य, चरण, चतुर, जनक हे तत्सम (संस्कृतातून जसेच्या तसे आलेले) शब्द तालव्य. मराठी नव्याने शिकणारे बहुतेक जण सगळेच तालव्य म्हणतात, आणि बोलणं परकं वाटण्याचं ते मोठं कारण असतं.

प्रश्न : वृत्त तपासताना ‘कमल’ची अक्षरं दोन धरायची की तीन?

तीन. छंदशास्त्र लिहिलेल्या अक्षरावर चालतं, बोलीतल्या तुकड्यावर नाही. अक्षरगणवृत्तातला प्रत्येक गण तीन अक्षरांचा असतो. ‘यमाताराजभानसलगा’ या सूत्रात कोणत्याही गणाच्या अक्षरापासून सलग तीन अक्षरं घेतली की त्या गणाचा लघु-गुरू (आखूड-लांब अक्षरांचा) क्रम मिळतो. कमल हा तीन लघूंचा न गण, कविता स गण, समाज ज गण, मानव भ गण. ‘पुस्तक’सुद्धा भ गणच, कारण जोडाक्षराआधीचा ‘पु’ आघातामुळे गुरू होतो.

म्हणताना ‘अ’ गिळला की चाल कोसळते. भुजंगप्रयातात ओळीला चार य गण, म्हणजे १२ अक्षरं. त्यात ‘पाखरू’ आखडून पाख्-रू म्हटलं की एक अक्षर कमी पडतं आणि मधला लघु नाहीसा होतो. मोठ्या अभंगाच्या ६-६-६-४ या मोजणीतही गिळलेला ‘अ’ धरायचा असतो.

प्रश्न : ‘संशय’, ‘संयम’ यांत अनुस्वार म्हणजे ‘न’ की ‘म’?

दोन्ही नाही. पुढे क ते म यांपैकी व्यंजन असेल तर अनुस्वार त्याच वर्गाचं अनुनासिक घेतो: अन्-तर्, अम्-बर्. य, र, ल, व, श, स, ह यांच्या आधी तो मागच्या स्वरात नाकातून मिसळतो. संशय साधारण सौंशय्, संयम साधारण सैंयम् असा ऐकू येतो. सन्शय, सम्यम असे उच्चार टाळावेत.

प्रश्न : ‘गणित’ ऱ्हस्व लिहितो, पण ‘गणीत’ म्हणतो. ‘जमीन’ मात्र दीर्घ लिहितो. असं का?

इथेही कारभार तिसऱ्या अक्षराकडेच आहे. त्याचा ‘अ’ गळून शब्द व्यंजनावर थांबला, की आधीचा इकार-उकार बोलताना लांबतो: गणीत्, चतूर्, जमीन्. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांत तत्सम शब्द संस्कृताप्रमाणे ठेवले आहेत, म्हणून गणित, चतुर. बाकीचे उच्चाराप्रमाणे, म्हणून जमीन, वकील, फकीर. पुढे प्रत्यय लागला की लांबलेला स्वर आखडतो, आणि लेखनही त्याच्यामागे जातं: जमिनीत, वकिलाला, फकिराचा. तत्सम शब्दात लेखन बदलत नाही, ‘शरीर’चं ‘शरीरात’च लिहायचं, बोलताना ‘री’ कितीही तोकडी झाली तरी.