निनावी चिठ्ठी आणि हस्ताक्षराचा पुरावा

प्रश्न : फौजदारी खटल्यात सरकार पक्षाने एक हस्तलिखित चिठ्ठी हजर केली आहे. तिच्यावर कोणाचीच सही नाही. असा कागद पुराव्यात वाचता येतो का?

उत्तर : येतो. दस्तऐवजाच्या व्याख्येत सहीची अटच नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम ६५ (१८७२ च्या जुन्या पुरावा कायद्यात ६७) एवढेच मागते, की कागद अमक्याने लिहिला असे म्हणत असाल तर अक्षर त्याचेच असल्याचे शाबीत करा. सही नसली की सगळा भार अक्षरावर येतो. इथेच गल्लत होते. चिठ्ठी आरोपीच्या कपाटात सापडली हे पंचांनी सांगितले, तर जप्ती शाबीत होते, लेखक नाही. कागदाला निशाणी क्रमांक (न्यायालयाने पुराव्यातल्या कागदाला दिलेला क्रमांक) पडला म्हणजे मजकूर खरा ठरला, असेही नव्हे. हवाला डायऱ्यांच्या, म्हणजे राजकारण्यांना पैसे दिल्याच्या कथित नोंदींच्या प्रकरणात (१९९८) सर्वोच्च न्यायालयाने सुट्या पानांना हिशेबवही मानायला नकार दिला. आणि रीतसर हिशेबवहीतली नोंदही एकटी कोणावर दायित्व लादायला पुरत नाही.

अक्षर ओळखायला दर वेळी तज्ज्ञच लागतो असे नाही. ज्याने त्या व्यक्तीला लिहिताना पाहिले आहे, किंवा कामाच्या ओघात तिचे कागद ज्याच्याकडे नेहमी येतात, असा सहकारी कलम ४१ खाली साक्ष देऊ शकतो. उलटतपासणीत त्याला पहिला प्रश्न हाच विचारावा : शेवटचे लिखाण कधी पाहिले?

प्रश्न : पोलीस अक्षराचे नमुने मागत आहेत. हे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नाही का? आणि तज्ज्ञाच्या अहवालावर शिक्षा होऊ शकते का?

उत्तर : पहिल्याचे उत्तर १९६१ मध्येच मिळाले. काठी कालू ओघड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ठरवले, की नमुना देणे ही राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) मधली (स्वतःविरुद्धची) साक्ष नव्हे. आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम ३४९ खाली प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी तसा आदेश देतात. अटक झालेली नसली तरी कारणे नोंदवून आदेश देता येतो.

नमुने घेण्याच्या पद्धतीवर पुढचे बरेच अवलंबून असते. मजकूर तोंडी सांगून लिहून घ्यावा, वादग्रस्त चिठ्ठी समोर ठेवून नव्हे. नाहीतर नक्कल उतरते. त्याच लिपीत, शक्यतो तशाच पेनाने, वेगवेगळ्या पानांवर, प्रत्येक पान लिहून झाले की बाजूला काढून. सावध माणूस मुद्दाम अक्षर बदलतो, म्हणून वाद उद्भवण्यापूर्वीचे त्याच काळातले लिखाण (अर्ज, वह्या) सोबत हवेच. मुळात ते लिखाण त्याचेच आहे हे निर्विवाद असावे. हा दुवा सुटला की तुलनेचा पायाच जातो.

देवनागरीत परीक्षक शिरोरेषा अक्षराआधी ओढली की नंतर, वेलांटीचा झोक, रफाराची जागा, जोडाक्षराची गाठ, पेन कुठे उचलले हे पाहतो. झेरॉक्सवर दाब आणि रेषांचा क्रम नीट उमटत नाही, त्यामुळे मूळ प्रतीचाच आग्रह धरावा.

शिक्षेबाबत : मगन बिहारी लाल (१९७७) निकाल सांगतो की केवळ तज्ज्ञमतावर शिक्षा देणे धोक्याचे. मुरारी लाल (१९८०) मात्र म्हणतो, तज्ज्ञमताला इतर पुराव्याची पुष्टी हवीच असा नियम नाही; कारणे पटणारी असली आणि विरोधी पुरावा नसला तर मत स्वीकारता येते. आमच्या मते दुसराच निकाल व्यवहार्य आहे, पण त्यासाठी अहवालात कारणे हवीत. ‘अक्षर जुळते’ एवढ्या एका ओळीच्या अहवालावर बचावाच्या वकिलाने तज्ज्ञाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बोलवावे आणि कोणती वैशिष्ट्ये, किती ठिकाणी, फरक कोणते, हे विचारावे. फरकांबद्दल तो गप्प राहिला, तर तेही नोंदवून घ्यावे.