जगभर चहाला 'चाय' किंवा 'टी' असे दोनच शब्द का?

बहुतेक जण तुम्हाला सांगतील, चहा जमिनीवरून गेला तिथे 'चाय', समुद्रावरून गेला तिथे 'टी'. आमच्या मेहुण्यानेही हेच दाखवणारा जगाचा नकाशा घरच्या ग्रुपवर टाकला होता, वर 'ज्ञानात भर' असं लिहून. मी जहाजाच्या इंजिनरूममध्ये उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. एवढंच विचारलं, पोर्तुगीज काय बैलगाडीतून आले होते? लिस्बनला चहाला 'शा' म्हणतात. जपान तर बेटच आहे, तिथेही 'चा'. मेहुणा म्हणाला, अपवाद असतातच.

अपवाद कसले? मुद्दा वाटेचा नाही, माल कोणाकडून घेतला याचा आहे. चिनी अक्षर एकच. दक्षिण चीनमध्ये कँटन शहराकडे उच्चार 'चा', फुजियान प्रांतात आमॉय बंदराकडे 'ते'. पोर्तुगीजांचा तळ मकावला, म्हणजे कँटनच्या शेजारी. डचांचा व्यवहार फुजियानी व्यापाऱ्यांशी, आणि युरोपात चहा विकला मुख्यतः डचांनी. ज्या लग्नात मुंबई आंदण गेली, त्यातली पोर्तुगीज राजकन्या कॅथरीन १६६२ मध्ये चहाची आवड घेऊन इंग्लंडच्या दरबारात गेली, तरी इंग्रजीत राहिलं 'टी'च.

बरं, शब्द दोनच आहेत हेही खरं नाही. पोलंडमध्ये गदिनियाला आमचं जहाज दुरुस्तीला लागलं होतं. हातमोजे काढले की बोटं वळत नव्हती. गोदीच्या कँटीनमधल्या बाईंना मी 'चाय' म्हटलं, 'टी' म्हटलं, शेवटी पिण्याची खूण केली. "हेर्बाता!" म्हणत त्यांनी कडीच्या धातूच्या खोळीत बसवलेला काचेचा पेला पुढे सरकवला. वर लिंबाची चकती, दुधाचा पत्ता नाही. लॅटिनमधल्या 'हेर्बा'ला, म्हणजे वनस्पतीला, 'ते' जोडून झालेला हा शब्द. पण बाईंच्या मागे वाफ सोडत होती ती किटली 'चायनिक', रशियनांकडून आलेली! लिथुआनियातही 'अर्बाता'. म्यानमारमध्ये तर 'लपेट'. तिथे आंबवलेल्या पानांची कोशिंबीरही खातात.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. मेहुण्याने अंगठा दाखवला आणि दुसऱ्या दिवशी तोच नकाशा सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

ढोबळमानाने तो नकाशा अगदीच टाकाऊ नाही म्हणा. इराण, तुर्कस्तान, रशिया इथे 'चाय' खुष्कीच्या वाटेनेच पसरला. आपला चहा, बंगाली-गुजराती 'चा', पंजाबी 'चाह' हे सगळे त्याच 'चा'च्या गोतातले. तमिळ 'तेनीर' मात्र 'ते'च्या. पण कोणी तो नकाशा पाठवलाच, तर आधी लिस्बनचं विचारा. आमच्याकडे अजून उत्तर आलेलं नाही.